तासगावचं गिऱ्हाईक

५ नोव्हेंबर १९९८, गुरुवार

डॉक्टरांनी लिहायला सांगितलं आहे. सुचेल ते. शब्द अडला तर थांबायचं नाही, पुढे जायचं.

माझं नाव वाजिद. बायको अर्फा. राहतो मिरजेत, मामूंच्या घराच्या माडीवर. ऑगस्टमध्ये मेंदूज्वर झाला. त्याआधी पुण्यात नोकरी, कॉम्प्युटरची.

आज भाकरी, वांगं. अर्फा शाळेत शिकवायला गेली. दुपारी झोपलो. मांजर आलं होतं.

बस.

७ नोव्हेंबर, शनिवार

डॉ. नीलिमा कांबळे म्हणाल्या, "छान लिहिलंत." मांजर आलं होतं, यात छान काय?

शब्द जातात. काल मला ते मागायचं होतं, कपडे उडू नयेत म्हणून दोरीवर लावतात ते. अर्फा ओली साडी घेऊन समोर उभी आणि मी दोन बोटं मिटून-उघडून दाखवतोय. ती हसली नाही. चिमटा! बघा, आत्ता लिहिताना आला.

घरात आम्ही दखनी बोलतो. पण माझी शाळा मराठी, म्हणून लिहिणं मराठीत. सगळ्यांचं बोलणंही मराठीतच उतरवणार.

शब्दांपेक्षा वाईट गोष्ट म्हणजे क्रम. आधी काय करायचं, मग काय, हे मध्येच सुटतं. पुण्यात मी आख्ख्या ऑफिसची मशीन सांभाळत होतो. कंपनीने डिसेंबर संपेपर्यंत माझी जागा ठेवली आहे. डॉक्टर बरा म्हणाल्या तर जानेवारीत हजर व्हायचं. अर्फा हा विषय काढत नाही, मीही नाही. कीबोर्डासमोर बसायच्या नुसत्या विचाराने माझे तळहात भिजतात, हे मी कुणाला सांगितलेलं नाही. इथे लिहिलं म्हणजे डॉक्टरांना कळेल. कळू दे.

११ नोव्हेंबर, बुधवार

आज मामूंनी दुकानात बोलावलं. रहिमानमामू म्हणजे माझ्या आईचे भाऊ. आई गेल्यावर त्यांनीच मला वाढवलं. त्यांचं भंगाराचं दुकान आहे. जळालेल्या मोटारी, पंप, पत्रे, आणि अलीकडे कुठल्या कुठल्या ऑफिसांतून निघालेलं सामान.

"ह्ये बघ काय आलंय," म्हणाले.

पोत्यावर एक चपटा राखाडी डबा होता. बाजूला दोघांनी उचलावा लागेल असा मॉनिटर. मी लगेच ओळखलं. वर्कस्टेशन, म्हणजे मोठ्या कामांचा कॉम्प्युटर. कॉलेजात असताना हे मशीन फक्त सरांच्या खोलीत असायचं आणि आम्ही काचेतून बघायचो. आता आठ-नऊ वर्षांचं झालं असेल.

"तासगावचं एक गिऱ्हाईक हाय," मामू म्हणाले. "हिंदुराव म्हणून. बेदाण्याचा व्यापारी. त्याला ह्ये चालू करून पायजे. नुसती अक्षरं न्हाईत हां. पडद्यावर खिडक्या, चित्रं, त्यो उंदीर हातात धरून फिरवायचं, समदं."

मी म्हणालो, "बेदाण्याच्या व्यापाऱ्याला वर्कस्टेशन कशाला? साधा पीसी घ्यायला सांगा."

मामूंनी अर्फाकडे पाहिलं. ती शाळेतून परस्पर दुकानात आली होती.

"मुलाला शिकायला हवं असेल," अर्फा म्हणाली.

"व्हय व्हय, पोराला!" मामू म्हणाले.

मी सांगितलं, माझ्याने होणार नाही. मामू म्हणाले, "मी शब्द दिलाय, वाजिद. आता न्हाई म्हणलास तर बाजारात माझं नाक कापलं जाईल." मामूंनी माझ्याकडे आजवर काही मागितलेलं नाही. बघतो म्हणालो. फक्त मामूंसाठी.

१३ नोव्हेंबर, शुक्रवार

जुम्म्याच्या नमाजानंतर मशीन सुरू केलं. पंखा घुरघुरला, पडदा हळूहळू पांढरा झाला, आणि मशीनने लिहून दाखवलं की त्याला स्वतःची ओळख सापडत नाही.

प्रकार असा की या मशीनमध्ये एक छोटी चिप असते आणि तिच्या पोटात बॅटरी. मशीनचा स्वतःचा क्रमांक त्या चिपमध्ये राहतो. बॅटरी मेली की मशीन सगळं विसरतं. चालतं, पण आपण कोण ते माहीत नाही.

मला हसू फुटलं. मोठ्याने. मामू बाहेरून धावत आले.

"मामू, हे माझ्यासारखंच आहे. ताप येऊन गेलाय याला."

मामू हसले नाहीत. चष्मा काढून सदऱ्याला पुसत बसले. दुकानात धूळ फार.

क्रमांक दर वेळी हाताने भरून देता येतो, एवढं मला आठवतं. कसा, ते आठवत नाही.

१७ नोव्हेंबर, मंगळवार

एसटीडी बूथवरून राजरत्नला फोन लावला. तो शिराळ्याचा, कॉलेजपासूनचा मित्र, पुण्यात माझ्याच कंपनीत आहे. मी इस्पितळात असताना रजा काढून पायाशी बसून राहायचा. फोन करताना वाटलं होतं, मला वर्कस्टेशनबद्दल विचारताना ऐकून तो चकित होईल. झाला नाही. "सांग गड्या, कुठं अडलंय?" एवढंच म्हणाला, जणू फोनची वाट बघत होता.

त्याने आज्ञा सांगितल्या, मी लिहून घेतल्या. दुकानात जाऊन एकेक टाइप केली. तिसऱ्या खेपेला मशीनने क्रमांक घेतला. बंद केलं की पुन्हा विसरतं, पण आता मला माहीत आहे त्याला आठवण कशी करून द्यायची.

२२ नोव्हेंबर, रविवार

राजरत्न आला. शिराळ्याला आईला भेटायला चाललोय म्हणून वाट वाकडी केली म्हणाला. सोबत या मशीनला चालणारा सीडी ड्राइव्ह आणि लिनक्सच्या सीड्या. लिनक्स म्हणजे मशीन चालवणारा प्रोग्रॅम, फुकट मिळतो आणि जुन्या मशीनवरही चालतो.

दिवसभर दोघे दुकानात. त्याचं वागणं बदललं आहे. पूर्वी दुसऱ्याच्या हातातून कीबोर्ड ओढून घ्यायची त्याची सवय. आज सगळा वेळ दोन्ही हात मांडीखाली दाबून बसला होता. मिरजेत कसली आली एवढी थंडी? पुण्याचा झालाय.

मी अडलो की विचारायचो, आता काय? तो म्हणायचा, "तुला काय वाटतं?" एकदा मी पडद्याकडे बघत बसलो, बसलो, बाहेर एक ट्रक रिकामा होऊन गेला, तरी हा गप्प. मग मला आठवलं. डिस्क आधी वाटून घ्यायची असते! त्याने मांडीखालचा एक हात काढून माझ्या पाठीवर थाप मारली आणि परत तिथेच ठेवला.

डिस्क लहान, त्यामुळे काय घ्यायचं आणि काय सोडायचं यावर आमचं भांडणही झालं. अर्ध्यात वीज गेली, पहिल्यापासून करावं लागलं. दुसऱ्यांदा करताना मी एकदाच विचारलं.

संध्याकाळी काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली, मशीन नाव विचारून आत घेतंय. चित्रं, खिडक्या अजून नाहीत.

निघताना तो जिन्यात अर्फाशी बराच वेळ बोलत होता. पुण्यात घरभाडी वाढली आहेत, तेच असणार.

२५ नोव्हेंबर, बुधवार

वाईट दिवस.

खिडक्यांचा पडदा सुरू करायची आज्ञा देतो, क्षणभर सगळं करडं होतं आणि धाडकन काळ्यावर परत. सकाळपासून तेच.

त्यात मामू म्हणाले, "नाथाजीरावाचा निरोप आला, काम कुठवर आलं इचारतोय."

मी म्हणालो, "नाथाजीराव कोण? हिंदुराव ना?"

"न्हाई रं, नाथाजीच म्हणतोय की पयल्यापास्नं."

मी मशीन बंद करून घरी आलो. शब्द जातात ते ठीक. पण जे मला नक्की माहीत आहे असं वाटतं तेही जर चुकीचं असेल, तर माझ्यापाशी राहिलं काय? पुण्याला कळवून टाकावं, येत नाही म्हणून.

जेवलो नाही.

२६ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी अर्फाने फार खोदून विचारलं तेव्हा नावाचं सांगितलं. तिचा चेहरा पांढरा पडला. तशीच उठून खाली गेली. मामूंशी ती खाली मान घालून बोलणारी, पण आज तिचा आवाज माडीपर्यंत येत होता. शब्द कळले नाहीत.

थोड्या वेळाने मामू वर आले. दारातच स्वतःचे कान धरले. "वाजिद, हिंदुरावच. माजंच चुकलं बाबा. म्हातारं झालोय."

"तुमची वही काढा," अर्फा मला म्हणाली. "मामू पहिल्यांदा बोलले त्या दिवशीचं पान काढा."

काढलं. स्वच्छ लिहिलंय, माझ्याच अक्षरात. हिंदुराव.

माझं बरोबर होतं. मी ते पान पुन्हा पुन्हा वाचलं. छातीवरून कुणीतरी दगड उचलावा तसं झालं. अर्फाने माझा हात घट्ट धरला होता आणि सोडतच नव्हती. एवढ्याशा नावासाठी!

मामूंच्या विसरण्याकडे मात्र बघायला हवं. डॉक्टरांच्या कानावर घालतो.

३० नोव्हेंबर, सोमवार

दुपारी जिना उतरताना अर्फा आणि मामू बोलताना ऐकू आलं.

"आता थोडं अवघड सांगा," अर्फा म्हणत होती. "डॉक्टर म्हणाल्यात, हळूहळू वाढवत न्या. एकदम नको."

"आन् काय सांगू? मला काय कळतंय त्यातलं?"

मला बघून दोघे थांबले. अर्फा शाळेतल्या चाचणीचा पेपर काढत असणार. पण पेपर किती अवघड काढायचा हे मामूंना काय विचारायचं? ते चौथीतून पळून गेलेले. आणि डॉक्टरांचा शाळेशी काय संबंध? मग वाटलं, शिक्षकांना कुणाचा तरी सल्ला लागतोच.

संध्याकाळी मामू म्हणाले, हिंदुरावाने आणखी एक मागणी केली आहे. पडद्यावर द्राक्षाच्या घडाचं चित्र पाहिजे. हा माणूस एकदा सगळं सांगत का नाही?

३ डिसेंबर, गुरुवार

करडा पडदा टिकला! एका फाइलमध्ये एक ओळ कमी होती. ती कुठली हे मला दुकानात नाही, सकाळी दात घासताना सुचलं. तसाच ब्रश घेऊन जिना उतरत होतो, अर्फाने मागे खेचलं.

पडद्यावर बारीक विणीच्या कापडासारखी नक्षी आली आणि मध्यभागी एक फुली. माउस हलवला. फुली ढिम्म. सगळ्या तारा काढून परत लावल्या, सगळ्या फाइली पाहिल्या. काही नाही. आठ दिवसांपूर्वी मी हे सोडून घरी गेलो असतो. आज बूथवर गेलो.

राजरत्न म्हणाला, "अरे, तो उजेडावर चालणारा माउस. त्याचं चकचकीत पत्र्याचं पॅड असतंय, बारीक रेघांचं. ते कुठाय?"

मग दुकानात शोध सुरू झाला. भंगाराच्या दुकानात पत्रा शोधायचा! मी, मामू, शाळेतून आलेली अर्फा, तिघेही काळे झालो. शेवटी दमून मामू म्हणाले, चहा तरी पिऊ. अर्फाने किटली उचलली आणि ओरडली. किटली त्याच पॅडवर ठेवलेली होती. मशीन आलं त्या दिवसापासून मामू त्यावर किटली ठेवत होते.

धुऊन पुसून वर माउस ठेवला. फुली सरकली. मी डावीकडे नेली, डावीकडे गेली. किटलीचा एक गोल डाग निघत नाही, त्यावर आली की फुली उडी मारते, पण तेवढं चालायचं.

मामू म्हणाले, "म्हंजी आतापत्तुर बिचाऱ्याला पाटच नव्हता बसायला!"

८ डिसेंबर, मंगळवार

झालं.

कालपर्यंत खिडक्या उघडत होत्या, पण हलत नव्हत्या. त्यांना कड नव्हती, धरायला जागा नव्हती. त्यासाठी वेगळा प्रोग्रॅम लागतो. तो राजरत्नच्या दुसऱ्या सीडीवर होता. आज तो बसवला आणि सुरू करायची आज्ञा दिली. डिस्क बराच वेळ करकरली. मी डोळे मिटून बसलो होतो. उघडले तेव्हा पडदा गडद निळा होता, कोपऱ्यात घड्याळ होतं, काटे चालत होते. एक खिडकी उघडली, तिला निळी कड. धरून ओढली, आली. दुसरी उघडली, पहिलीच्या मागे ढकलली, पुढे आणली.

द्राक्षाचा घडही काढला. चौकटीत एकेक ठिपका भरून काढावा लागतो. जरा वांग्यासारखा झालाय.

मामू उभ्याने बघत होते. "ह्ये तूच केलंस?" असं त्यांनी तीनदा विचारलं. अर्फा आली तेव्हा मी तिला पहिल्यापासून सगळं समजावून सांगितलं. क्रमांक, डिस्क, ती राहिलेली ओळ, माउस, खिडक्यांची कड. ती पडद्याकडे बघतच नव्हती. माझ्या तोंडाकडे बघत होती. मग एकदम पत्र्याच्या डब्यावर बसली आणि पदर तोंडात धरून रडायला लागली.

"अगं, चालू झालंय," मी म्हणालो.

"दिसतंय मला," ती म्हणाली आणि आणखी रडली.

भंगारातल्या मशीनसाठी एवढं रडतं का कुणी? पण आज मला कशाचंच वाईट वाटत नाही. घरी येताना लक्षात आलं, कितीतरी दिवसांत माझे तळहात भिजलेले नाहीत.

१२ डिसेंबर, शनिवार

मशीन पुसून तयार आहे. गिऱ्हाइकाचा पत्ता नाही. बुधवारी मामू म्हणाले, येईल की. काल म्हणाले, परगावी गेलाय. आज म्हणाले, त्याच्या घरात लग्न निघालंय. फोन नंबर विचारला तर म्हणतात, त्याच्याकडे फोन नाही. बेदाण्याचा व्यापारी आणि फोन नाही?

मला लोकांचा राग येतो. माणूस इतके दिवस खपतो आणि यांना येऊन बघायला सवड नाही.

१५ डिसेंबर, मंगळवार

आज मीच तासगावला गेलो. अर्फा शाळेत, मामू मालाच्या मागे बाहेर. म्हटलं, समोरासमोर विचारतो. मिरजेहून सांगली, सांगलीला गाडी बदलून तासगाव. खिडकीजवळ जागा मिळाली. द्राक्षाच्या बागांत मणी धरले आहेत, हिरवेगार.

बाजारात एका बेदाण्याच्या दुकानात विचारलं. मालकाचं नाव आकाराम, गल्ल्यावर पाय मुडपून बसलेले.

"हिंदुराव? आवं, हितं दगुड भिरकावला तर हिंदुरावालाच लागंल. कंचा हिंदुराव?"

"बेदाण्याचे व्यापारी. मुलासाठी कॉम्प्युटर घेताहेत. घरात फोन नाही."

आकाराम हसले. "फोन न्हाई आन् कम्प्युटर घेतोय? पावणं, आमच्यात कुणी कम्प्युटर घ्यायचा म्हणला असता तर अजून घ्यायच्या आदीच समद्या बाजाराला सांगून मोकळा झाला असता. तसला मानूस हितं न्हाई."

तरी मी सोडलं नाही. आणखी चार दुकानं केली. एक हिंदुराव खताचे निघाले, एक तालमीचे वस्ताद. कुणीतरी बसवून चहा पाजला. परत निघालो तर आकारामांनी हाक मारून ओंजळभर बेदाणे दिले. "तोंड गोड करा. मानूस न्हाई गावला तर न्हाई गावला."

परत आलो तेव्हा दिवस कलला होता. गल्लीच्या तोंडाशीच अर्फा उभी. चप्पल नाही पायात. मामू सायकल घेऊन, शेजारचे दोघे-तिघे.

"कुठे होतात?" तिने विचारलं.

मी चिडलेलाच होतो. "तासगावला! मामू, तुम्हाला फसवलंय. असा माणूसच तिथे नाही. सगळा बाजार पालथा घातला मी."

मग अर्फा हळू म्हणाली, "तासगावला? एकटे?"

"मग? एसटीने."

"सांगलीला गाडी बदललीत?"

"बदलल्याशिवाय कसं जाणार?"

"मला सांगा," ती म्हणाली. "पहिल्यापासून. काय काय झालं ते सगळं सांगा."

मी तिथेच रस्त्यात उभा राहून सगळं सांगितलं. आधी हे, मग ते, कोण काय म्हणालं ते, आकारामांचा दगडसुद्धा. मध्ये कुठे अडलो नाही. मामू पायरीवर बसले आणि हसायला लागले. हसता हसता डोळे पुसायला लागले. शेजाऱ्यांनाही कळेना काय करावं. मला तर खरंच कळलं नाही. ज्याला फसवलं गेलं त्याने असं हसावं?

अर्फाला मी खिशातले बेदाणे दिले. तिने सगळ्यांना वाटले, पेढे वाटावेत तसे.

१७ डिसेंबर, गुरुवार

डॉ. कांबळेंकडे जाऊन आलो. अर्फाने त्यांना तासगावचं सांगितलं होतंच, तरी त्यांनी मला परत सगळं सांगायला लावलं. तपासलं. मग म्हणाल्या, "जानेवारीत हजर व्हा. सहा महिने जपा, जागरणं नकोत. बाकी तुम्ही बरे आहात."

बरे आहात. बाहेर बाकावर येऊन बसलो.

बूथवर जाऊन आधी कंपनीला सांगितलं, येतोय. मग राजरत्नला. तो इतक्या जोराने ओरडला की बूथवाल्याने वळून पाहिलं. म्हणतो, तुझं टेबल रोज पुसत होतो गड्या.

मशीन मामू आता विकत नाहीत. दुकानात गल्ल्यामागे ठेवलंय. येणाऱ्या-जाणाऱ्याला घड दाखवतात आणि लोक म्हणतात, वांगं चांगलं काढलंय.

घरी आलो तर अर्फा झोपलेली. मावळतीची, मगरिबची अजान नुकतीच झालेली, चूल पेटायची होती, अंगावर अजून शाळेची साडी. भिंतीला पाठ लावून बसल्या जागीच झोप लागली असावी. ऑगस्टपासून मी तिला झोपलेली पाहिलेलीच नाही. मी झोपायचो तेव्हा ती जागी असायची आणि उठायचो तेव्हाही जागीच. शाळेत चाचण्या चालू आहेत, काम फार पडत असणार.

डोक्याखाली उशी दिली. उठवलं नाही.